फोरेची ‘पाव्हान’ व्हायोलिनवर: आधी पावलं, मग गज

व्हायोलिन हातात घेऊन वर्ष-दीड वर्ष झालं, स्केल बऱ्यापैकी सुरात येऊ लागली, की शिकणाऱ्याला पुस्तकातल्या धड्यांचा कंटाळा येतो. काहीतरी खरंखुरं, मैफलीत वाजतं ते वाजवावंसं वाटतं. अशा वेळी मी फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे याची ‘पाव्हान’ हातात देते. १८८७ सालची ही रचना, ओपस ५० (म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). मुळात ती छोट्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली आहे आणि मुख्य चाल बासरीकडे आहे. पण व्हायोलिन आणि पियानोवर ती फार शोभते, आणि बोटांना तिच्यात फारसं पळावं लागत नाही. गज कच्चा असेल तर मात्र पहिल्या दोन ओळींतच ते उघडं पडतं, आणि म्हणूनच ती लवकर शिकावी असं मला वाटतं.

माझी एक अट असते. पहिल्या दिवशी व्हायोलिन पेटीतच ठेवायचं.

चालून बघा

पाव्हान हा युरोपातल्या सोळाव्या शतकाचा दरबारी नाच. नाच कसला, मिरवणूकच ती. जोडप्यांनी हातात हात धरून, एकामागून एक, दिवाणखान्यातून शांतपणे चालत जायचं. पुरुषांच्या खांद्यावर झगा आणि कमरेला तलवार, बायकांच्या मागे लोळणारे घोळ. नाव इटलीतल्या पादुआ शहरावरून आलं असं काही जण म्हणतात, तर काही जण ते मोराच्या लॅटिन नावाशी जोडतात. ते लोळणारे घोळ डोळ्यांसमोर आणले की मला मोराचीच बाजू पटते. व्हेनिसमध्ये पेत्रुच्चीनं १५०८ साली दाल्झा या वादकाचं ल्यूटवादनाचं (ल्यूट म्हणजे छेडून वाजवायचं तंतुवाद्य) पुस्तक छापलं, त्यातच पाव्हानच्या चाली आहेत.

हा नाच कसा करायचा ते आपल्याला नेमकं कळतं, याचं श्रेय लांग्र गावच्या एका म्हाताऱ्या धर्मगुरूला. त्याचं नाव जां ताबुरो. नावातली अक्षरं फिरवून त्यानं ‘त्वानो आर्बो’ हे टोपणनाव घेतलं आणि १५८९ साली ‘ऑर्केसोग्राफी’ हे नृत्याचं पुस्तक काढलं. पुस्तक सगळं गुरू-शिष्याच्या संवादात आहे. काप्रिओल नावाचा तरुण विचारतो आणि आर्बो एकेक पाऊल समजावून सांगतो. त्याच धर्तीवर आपणही खुर्ची बाजूला सरकवू आणि उभं राहू.

एक: डावा पाय पुढे. दोन: उजवा त्याला जुळवा. तीन: उजवा पुढे. चार: डावा जुळवा. मग पाच, सहा, सात ही सलग तीन पावलं, डावं, उजवं, डावं. आठला उजवा पाय आणून जुळवा. झाला एक फेरा. पुढचा फेरा उजव्या पायानं सुरू करा.

दहा मिनिटं एवढंच करा. घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या आणि खरंच हात धरून चाला. एक गोष्ट अंगाला कळेल: पाय जुळतात तेव्हाही शरीर थांबत नाही, भार पुढच्या पावलाकडे निघालेला असतो. फक्त आठला किंचित विसावा मिळतो. गज बदलताना नेमकं हेच हवं आहे, म्हणून हे चालणं इतकं लांबवते.

पावलं बसली की टाळ्या. आर्बोच्या पाव्हानमध्ये ढोलाचा एकच ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतो: एक दीर्घ आघात, मागून दोन लघु. धूम्ऽ तक तक, धूम्ऽ तक तक. आपल्याकडे ठेका धरून ठेवणारा तबलजी असतो, तसाच हा. फोरेनं हा ढोल आपल्या रचनेत घेतलेला नाही. त्याच्या जागी तंतुवाद्यांवर बोटांनी छेडलेले तुटक स्वर सारख्या चालीनं खालून चालू ठेवले आहेत. काम मात्र तेच.

मग ऐका, आणि ऐकताना लय तपासा

आधी मूळ ऑर्केस्ट्राची आवृत्ती ऐका, व्हायोलिनची नको. दोन बासऱ्या, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बासून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं, एवढाच ताफा. बासरी सुरुवातीला खालच्या पट्टीत वाजते, जिथे तिचा आवाज चकचकीत नसतो, थोडा फुंकरीचा, थोडा लाकडी असतो. तो रंग कानात साठवा. पुढे तोच आपल्याला तारेवर आणायचा आहे.

आता लय. बहुतेक नवखे इथेच चुकतात, आणि मीही चुकले आहे. काही वर्षांपूर्वी एका घरगुती बैठकीत मी ही रचना वाजवली, डोळे मिटून, जीव ओतून. संपल्यावर एक आजी जवळ आल्या आणि माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “कुणाच्या आठवणीत वाजवलंस गं?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. घरी आल्यावर मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) काढला आणि मघाची लय आठवून जुळवली. मी साठच्या आसपास वाजवत होते. फोरेनं लिहून ठेवली आहे ती लय मिनिटाला ८४ ठोक्यांची.

तो स्वतः तर याहून जलद वाजवायचा. इंग्लिश संगीत-संचालक एड्रियन बोल्ट यांनी फोरेला ही रचना पियानोवर वाजवताना अनेकदा ऐकलं होतं, आणि त्याची लय शंभराच्या खाली नसे असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. ८४ ला आठ पावलांचा फेरा सहा सेकंदांच्या आत संपतो, १०० ला पाच सेकंदांच्या आत. खोलीत चालून बघा: ही चांगली चालती लय आहे. ६० ला मात्र पाय हवेत लोंबकळतात.

हे शोकगीत नाही, हे तिच्या जन्मकथेतूनही कळतं. १८८७ च्या उन्हाळ्यात फोरेनं ती हलक्याफुलक्या मैफलींसाठी लिहिली. पुढे आपल्या आश्रयदात्या काउंटेस ग्रेफ्युल यांना ती अर्पण करायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या सूचनेवरून तिला समूहगान जोडलं गेलं. शब्द लिहिले काउंटेसचे नातलग रोबेर द माँतेस्क्यू यांनी, आणि त्या शब्दांत आहे काय, तर नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांची एकमेकांना चाललेली टोमणेबाजी. २५ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये लामुरो यांच्या मैफलीत ऑर्केस्ट्रानं ती प्रथम वाजवली आणि तीनच दिवसांनी गायकांसह ती पुन्हा झाली. १८९१ मध्ये काउंटेसनी बुआ द बुलोन्य या उपवनातल्या आपल्या उद्यान-समारंभात ती नाच आणि गाणं दोन्हींसह सादर करवली.

बरेच जण हिची गल्लत दुसरा फ्रेंच संगीतकार राव्हेल याच्या पाव्हानशी करतात. ती १८९९ ची, आणि तिच्या नावातच ‘दिवंगत राजकन्या’ आहे. राव्हेल फोरेचाच विद्यार्थी, पण रचना अगदी निराळी. नेटवर शोधताना संगीतकाराचं नाव आणि ओपस ५० दोन्ही टाका.

प्रत कोणती घ्यावी

फोरे १९२४ साली वारला, त्यामुळे मूळ रचनेवर आता भारतात कुणाचाही स्वामित्वहक्क नाही. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मूळ स्वरलिपी मोफत मिळते. मात्र व्हायोलिनसाठी कुणी अलीकडे नवी मांडणी केली असेल तर तिचा हक्क त्या मांडणी करणाऱ्याकडे असतो. ती विकत घ्या.

प्रत निवडताना पट्टी बघा. मूळ रचना एफ शार्प मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत काळी तीन. सोप्या प्रती कधी कधी ई मायनरमध्ये, म्हणजे पांढरी तीनमध्ये उतरवलेल्या असतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत पांढरी तीन बरी, कारण एकच शार्प (अर्ध्या स्वरानं चढवलेला स्वर) सांभाळावा लागतो. पण बोटं बसल्यावर मूळ पट्टीकडे या असं मी आग्रहानं सांगते. याचं कारण व्हायोलिनच्या तारांमध्येच आहे.

काळी तीनचा सा धरा आणि मोकळ्या तारा बघा. वरची ई म्हणजे कोमल नी, ए म्हणजे कोमल ग, डी म्हणजे कोमल ध. खालची जी तर कोमल रे, जो या स्केलमध्ये नाहीच. म्हणजे सा किंवा प देणारी एकही मोकळी तार नाही. एरवी आपण सा लावला की मोकळी तार आपोआप झणकारते आणि स्वर उजळतो. इथे तो आधार मिळत नाही, म्हणून सगळी सुरावट जराशी झाकलेली, पडद्याआडून आल्यासारखी राहते. बासरीच्या खालच्या पट्टीचा तो रंग व्हायोलिनवर निम्मा तर या पट्टीनंच मिळतो. पांढरी तीनमध्ये ई तार हाच सा होतो आणि हे सगळं निघून जातं.

तारा जुळवणं

हिंदुस्थानी पद्धतीनं बसून शिकलेल्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. तुमचं व्हायोलिन सा-प-सा-प असं जुळवलेलं असेल, तर ते जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य जुळणीत आणावं लागेल. तार चढवायची असेल तर खुंटी एका दमात पिळू नका. थोडी पिळा, बोटानं तार हलकेच ओढून सैल करा, पुन्हा थोडी पिळा. शेवटचं बारीक काम फाइन ट्यूनरवर करा. दर दोन तारांनंतर घोडी बघा. ती पुढे झुकू लागली असेल तर दोन्ही हातांनी हळूच सरळ करा. तारा जुन्या असतील तर ई आधीच नवी आणून ठेवा. तुटायची असेल तर तीच आधी तुटते.

स्टाफ नोटेशन येत नसेल तर घाबरू नका. या रचनेपुरतं ते महिनाभरात जमतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. मुंबईतल्या गोवेकर वादकांच्या पिढ्या त्यातूनच आल्या. तुमच्या ओळखीत असे कुणी जुने वादक असतील तर चार रविवार त्यांच्याकडे जाऊन बसा. पुस्तकापेक्षा लवकर येईल.

डावा हात

बसून शिकलेल्यांची तर्जनी आणि मधलं बोट तारेवरून घसरत जाण्यात तरबेज असतात. इथे चारही बोटं आपापल्या घरी उभी राहायला हवीत. मींड घ्यायचा मोह होईल; सध्या ती पूर्ण बंद ठेवा. एका स्वरावरून दुसऱ्यावर उतरताना मधली वाट ऐकू येता कामा नये. पाऊल उचललं आणि ठेवलं, एवढंच.

डी तारेवर सुरुवात करा. दुसरं बोट एफ शार्पवर, हा तुमचा सा. तिसरं बोट जी शार्पवर म्हणजे नेहमीपेक्षा अर्धा स्वर वर, दुसऱ्यापासून पूर्ण अंतर सोडून. नवख्यांचं हे बोट हमखास खाली राहतं आणि शुद्ध रेचा कोमल रे होतो. त्यानंतरचा ए मोकळ्या तारेवर वाजवू नका, डी तारेवरच चौथ्या बोटानं घ्या. मोकळी ए एकदम ओरडते. शांत चालणाऱ्या रांगेत कुणी मोठ्यानं हाक मारावी तसं होतं. चौथं बोट दुखेल, थरथरेल. रोज पाच मिनिटं फक्त दुसरं, तिसरं, चौथं आणि परत, एवढंच वाजवा. पंधरा दिवसांत करंगळीत जोर येतो.

आता ‘नी’ची गंमत. या चालीत कोमल नी आणि शुद्ध नी दोन्ही येतात. कोमल नी असतो तेव्हा कानाला आसावरी थाट वाटतो, शुद्ध नी आला की किरवाणीची आठवण होते. राग शोधत बसू नका, इथे रागाचं चलन नाही. पण ओळख म्हणून हा कान उपयोगी पडतो. डी तारेवर कोमल नी म्हणजे पहिलं बोट त्याच्या नेहमीच्या जागी. शुद्ध नी म्हणजे तेच बोट वर सरकवून दुसऱ्या बोटाला जवळजवळ चिकटवायचं. स्वरलिपीत तो ई शार्प म्हणून लिहिलेला असतो आणि नवख्यांना त्याची उगाच भीती वाटते.

हा कोमल नी फोरेकडे सहज येतो, आणि तो आला कुठून तेही सांगते. नऊ वर्षांचा असताना, १८५४ मध्ये, त्याला पॅरिसच्या निडरमायर शाळेत घातलं. चर्चसाठी वादक घडवणारी ही शाळा. तो तिथे अकरा वर्षं राहिला. मुलांना रोज जुनी चर्चची एकसुरी गाणी आणि सोळाव्या शतकातलं समूहसंगीत शिकावं लागे, आणि त्यात जुने मोड (आपल्या थाटांसारख्या स्वररचना) असत, आजच्या मेजर-मायनरचे नियम नसत. पाव्हानमधला तो जुनेपणा फोरेच्या कानात लहानपणापासून मुरलेला होता.

गज

खरं काम इथे आहे. सुरुवातीला गज बाजूला ठेवून संपूर्ण चाल पिझिकाटोनं, म्हणजे तार बोटानं छेडून वाजवा. छेडलेला स्वर लपवाछपवी करत नाही. बोट चुकीच्या जागी असेल तर लगेच कळतं.

मग गज घ्या. राळ नेहमीपेक्षा कमी लावा. गज घोडीपासून दूर, फिंगरबोर्डच्या (ज्या पट्टीवर बोटं ठेवतो तिच्या) कडेजवळ ठेवा. तिथे आवाज मऊ आणि थोडा फुंकरीचा येतो, बासरीसारखा. दाब वाढवला की लगेच कर्कश होईल, म्हणून दाब कमी आणि गजाचा वेग थोडा जास्त.

खाली-वर बदलताना मनगट आठवा आणि पावलं आठवा. पाय जुळतात पण शरीर थांबत नाही. गज उलटताना हाताचा पंजा किंचित आधी निघतो, गज त्याच्या मागून येतो. एका विद्यार्थ्याला हे सांगून कळेना, तेव्हा मी त्याला पॅसेजमध्ये उभं केलं. व्हायोलिन खांद्यावर, एकच एफ शार्प, आणि दर पावलाला गज बदलायचा. तिसऱ्या फेरीला त्याचा खांदा खाली आला, आणि बदलताना येणारा तो ‘खट्’ आवाज बंद झाला. दर पावलाला एक गज जमला की दोन पावलांना एक, मग चारला एक असं वाढवत न्या.

व्हिब्रॅटो, म्हणजे बोट हलवून स्वर थरथरवणं, थोडाच. दीर्घ स्वरांवर द्या, चालत्या स्वरांवर नको. प्रत्येक स्वर थरथरला की पुन्हा तो शोकाचा रंग येतो.

रचनेचा मधला भाग जोरकस आहे. एकच आकृती आग्रहानं पुन्हा पुन्हा येते, आवाज चढतो. इथे गज घोडीकडे थोडा सरकवा आणि लांब वापरा. लय वाढू देऊ नका. मधला भाग संपून पहिली चाल परत येते तिथे बहुतेकांचा गज अजून जोरातच असतो. परत येण्याआधीच्या मात्रेवर प्रतीत पेन्सिलीनं एक खूण करा आणि तिथे फिंगरबोर्डकडे परत या.

साथीला कुणीतरी घ्या

एकट्यानं ही रचना कधीच पूर्ण होत नाही. पियानो नसेल तर कीबोर्ड चालेल, गिटारही छान लागते, कारण मूळ साथ छेडलेल्या तारांचीच आहे. साथीदाराला एकच सांगा: व्हायोलिन कितीही रेंगाळलं तरी तू थांबायचं नाहीस. सुरुवात ७२ ला करा, आठवड्याला चारनं वाढवत ८४ ला या. तिथे महिनाभर राहा. पुढे कधीतरी फोरेच्या आपल्या लयीला, शंभरला, वाजवून बघा. चाल एकदम हसरी होते.

साथीदार नसेल त्या दिवशी मोबाइलवर मेट्रोनोम लावून स्वतःच साथीचे स्वर पिझिकाटोनं वाजवा, रेकॉर्ड करा, आणि त्यावर चाल वाजवा. स्वतःचीच लय कुठे घसरते ते असं वाजवताना बरोबर सापडतं.

शेवट अगदी मंद आहे. शेवटचा स्वर विरला की गज झटकन खाली आणू नका. जोडपं पाय जुळवून क्षणभर उभं राहतं, तेवढा वेळ तो तारेवर तसाच ठेवा, आणि साथीदारानं कीबोर्डवरून हात उचलले की मग तुम्ही गज उचला.